दोन भिंतीवर, तिसरं टेबलावर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद तेवढे वाचा, कारण तिथे तारीख आहे. बाकीच्यांनी सावकाश वाचा आणि पटलं नाही तर खाली भांडा. फक्त मुद्द्यावर भांडा.

आपल्या सोलापुरातल्या एका कलासंस्थेचं वार्षिक प्रदर्शन लागलंय. निवड समितीत पाच जण होतो, त्यातला एक मी. चौतीस वर्षं शाळेत ड्रॉईंग शिकवलं, आता निवृत्त आहे, म्हणून असल्या समित्यांवर बोलावतात. प्रवेशिका आल्या, बघितल्या, सह्या केल्या, चहा-भजी खाऊन घरी आलो. त्यात एक प्रवेशिका पूर्व भागातल्या एका मुलीची होती. वय एकोणीस. नाव देत नाही, तिने नको म्हणून सांगितलंय. वडील यंत्रमागावर पाळी करतात, आई विड्या वळते.

तिने तीन वस्तू आणल्या होत्या. एक कागदावरचं रेखाटन, आलेखाच्या कागदावर पेन्सिल आणि शाईचं. दुसरं कॅनव्हासवरचं रंगचित्र. आणि तिसरं, साधारण तीन फूट बाय दोन फुटांचं विणलेलं कापड. तिन्हींत माणूस नाही, झाड नाही, मंदिर नाही. नुसते चौकोन, पट्टे आणि एक तिरकी रेघ, जी खालून वर जाता जाता मध्येच तुटते. आपण ज्याला अमूर्त म्हणतो ते. फॉर्मवर तिने तिन्हींना मिळून एकच शीर्षक दिलेलं आणि कंसात लिहिलेलं, 'तिन्ही शेजारी लावावीत.'

आम्ही काय केलं? रेखाटन घेतलं रेखाटन विभागात. रंगचित्र घेतलं चित्रकला विभागात. कापड पाठवलं हस्तकला विभागात. म्हणजे पहिली दोन भिंतीवर, वेगवेगळ्या दालनांत. आणि तिसरं बाहेरच्या व्हरांड्यात टेबलावर, कागदी फुलं, बांगड्यांचं तोरण आणि आईस्क्रीमच्या काड्यांचं घर यांच्या शेजारी, घडी घालून. घडी घालून! चादर ठेवतात तसं.

उद्घाटनाच्या दिवशी ती मुलगी माझ्याजवळ आली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, ते तिन्ही मिळून एक आहे. तुम्ही दोनच लावलंय."

मी म्हणालो, "नियम आहे बाळा. कापड हस्तकलेत जातं."

तिने विचारलं, "मग कॅनव्हास काय आहे सर? ते पण कापडच ना."

मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि तिला सांगितलं की घडी उलगडून मला नीट दाखव. सही करण्याआधी हे करायला हवं होतं. केलं नाही, हे इथे सगळ्यांसमोर कबूल करतो.

आता ती काय म्हणाली ते ऐका, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. आधी तिने रेखाटन केलं. त्यात ती रेघ गोलाकार होती, हलकी वळत जाणारी. मग तिने ते आजोबांच्या जुन्या हातमागावर घ्यायचं ठरवलं. तिच्या घरात आजोबांना तात म्हणतात. तात पूर्वी वॉल हँगिंग विणायचे. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, मागावर वळण नसतं. उभा धागा आहे आणि आडवा धागा आहे, तिसरी दिशाच नाही. तुझं वळण इथे पायऱ्या होऊन येणार. मग तिने टॉवेलच्या कारखान्यातलं उरलेलं सूत जमवलं, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी भरली, आणि धोटा न फेकता एकेका चौकोनात हाताने आडवा धागा घालत गेली. चार महिने लागले. रेघेच्या खरंच पायऱ्या झाल्या. एके ठिकाणी सूत संपलं, तो रंग परत मिळाला नाही, तिथे रेघ तुटली. ती तुटलेली पायऱ्यांची रेघ तिला आधीच्या गोल रेघेपेक्षा बरी वाटली. म्हणून तिने रेखाटन पुन्हा काढलं, आता पायऱ्यांचं. आणि मग त्यावरून रंगचित्र केलं.

म्हणजे बघा. भिंतीवर मानाने लावलेलं रंगचित्र हे टेबलावर घडी घालून ठेवलेल्या कापडातून जन्मलंय. आम्ही लेकीला खुर्ची दिली आणि आईला व्हरांड्यात बसवलं.

आता थोडं लांब जातो. स्वित्झर्लंडला.

त्या देशाची ५० फ्रँकची एक नोट होती, १९९५ साली आलेली. तिच्यावर एका बाईचा चेहरा होता. ओळखीच्या, नाव असलेल्या स्त्रीचा चेहरा त्यांच्या नोटेवर पहिल्यांदाच आला. ही बाई राणी नव्हती, पुढारी नव्हती. सोफी टॉयबर-आर्प, अमूर्त कला करणारी चित्रकार. नोटेच्या मागच्या बाजूला तिच्या कलाकृती. २०२१ मध्ये ती मालिका चलनातून गेली, पण पंचवीस वर्षं भाजीपाला घेताना लोकांच्या हातात ती होती.

आता ही बाई करायची काय? तर उशांचे अभ्रे. मण्यांच्या पिशव्या. भरतकाम. गालिच्यांची आरेखनं. जे आपल्याकडे टेबलावर जातं तेच.

जन्म १८८९, दावोस. वडील लहानपणीच गेले, आई धीराची, बोर्डिंग हाऊस चालवून पोरं वाढवली. शिक्षण सेंट गॅलन नावाच्या गावात. हे गाव भरतकाम आणि लेससाठी जगभर प्रसिद्ध. आपण सोलापूर म्हटलं की चादर म्हणतो, तसं तिकडे सेंट गॅलन म्हटलं की लेस. कापडाच्या गावात चित्र शिकलेली मुलगी, हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे म्युनिक आणि हॅम्बुर्गला शिकून ती झुरिकला आली आणि १९१६ पासून १९२९ पर्यंत तिथल्या कलाउद्योग शाळेत भरतकाम आणि वस्त्र-आरेखन शिकवत राहिली. म्हणजे आमच्याच बिरादरीतली, मास्तरीण. नवरा हान्स आर्प पुढे मोठा कलावंत म्हणून गाजला, पण त्या वर्षांत घरात नियमित पगार यायचा तो हिचा.

त्याच काळात, पहिलं महायुद्ध चालू असताना, झुरिकमध्ये दादा मंडळींचा गोंधळ सुरू होता. कॅबरे व्होल्तेअर वगैरे. सोफी त्यात नाचायची. शाळेतल्या नोकरीमुळे मुखवटा घालून नाचायची असंही सांगतात. (आपल्याकडच्या किती शिक्षिका आजही नाटकात काम करताना हेडमास्तरांची भीती बाळगतात ते मला माहीत आहे.) १९१८ मध्ये तिने एका नाटकासाठी लाकडी कळसूत्री बाहुल्या केल्या. सिलिंडर, शंकू, गोळे जोडून केलेल्या. आज बघितल्या तरी कालच केल्यासारख्या वाटतात.

पण माझ्यासाठी महत्त्वाचं आहे ते तिचं उभं-आडवं. १९१५-१६ च्या सुमारास ती नुसत्या उभ्या आणि आडव्या चौकोनांच्या रचना करायला लागली. काही रंगीत पेन्सिलीत, काही गुवाशमध्ये, काही लोकरीत. युरोपात तेव्हा अमूर्त चित्रकला नुकतीच जन्माला येत होती. मोठमोठे पुरुष चित्रकार निसर्गातून हळूहळू सोलत सोलत, झाडाचं झाडपण काढून टाकत, मोठी तत्त्वज्ञानं लिहीत चौकोनापर्यंत पोचत होते. सोफीला तो प्रवास करावाच लागला नाही. ती कापडातून आली होती. कापडात चौकोन आधीपासून असतो. उभा धागा, आडवा धागा, जिथे एकमेकांवरून जातात तो एक ठिपका. असे हजार ठिपके म्हणजे कापड. सोलापुरात जेकार्डचा नक्शा करणारा माणूस आलेखाच्या कागदावर एकेक घर भरत बसतो, त्याला हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागत नाही.

म्हणजे तातांनी नातीला जे सांगितलं, 'तिसरी दिशाच नाही', तेच सोफीला शंभर वर्षांपूर्वी मागाने आणि सुईने शिकवलं होतं. आणि तिने ते कागदावर आणि कॅनव्हासवर नेलं.

पुढे १९२६ ते २८ दरम्यान स्ट्रासबुर्गमध्ये ओबेत नावाच्या एका मोठ्या करमणूक-इमारतीच्या आतल्या भिंती, छत, फरश्या रंगवायचं काम तिला मिळालं. तिने नवऱ्याला आणि थिओ व्हान डूसबुर्गला सोबत घेतलं. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम ते. माणूस चित्राच्या आत बसून चहा पितोय अशी कल्पना. लोकांना आवडलं नाही, काही वर्षांतच झाकून टाकलं. लोकांचं असंच असतं, त्याबद्दल मला तक्रार नाही. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा पॅरिसजवळचं घर सोडून दक्षिण फ्रान्समध्ये ग्रास गावी पळावं लागलं. मोठं सामान नाही, स्टुडिओ नाही. तेव्हा तिने काय केलं, तर कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन रेघा काढल्या. नुसत्या वळत जाणाऱ्या, एकमेकींना ओलांडणाऱ्या रेघा. धाग्यासारख्या. आयुष्यभर उभं-आडवं केलं आणि हातात काहीच उरलं नाही तेव्हा रेघ सैल सोडली. त्या रेघा बघताना मला दर वेळी सुताचा गुंता आठवतो. हे माझं मत आहे, पुस्तकातलं नाही. १९४३ च्या जानेवारीत झुरिकमध्ये एका मित्राच्या घरी थंडीत शेगडीचा धूर कोंडून ती झोपेतच गेली. वय त्रेपन्न.

नवऱ्याचं नाव नंतर वाढत गेलं. तिचं मागे राहिलं. त्याच्या आरेखनावरून तिने भरतकाम केलेली कामं आहेत आणि ती त्याच्या नावाने ओळखली जातात. कल्पना ज्याची तो कलावंत, टाका जिचा ती हात. हे सूत्र युरोपातही तसंच होतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये २०२१ मध्ये तिचं मोठं प्रदर्शन झालं. त्याआधी ते बासेलला आणि लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये होतं. तिथे पिशव्या, अभ्रे, बाहुल्या, रंगचित्रं, फर्निचर सगळं एकाच मानाने, एकाच प्रदर्शनात. मेल्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी.

कुणी म्हणेल, मास्तर, ते युरोप झालं, आपलं काय? मग आपलं सांगतो.

प्रभाकर बरवे. जन्म १९३६, अलिबागजवळ नागावचा. जे. जे. मधून शिकले आणि १९६१ पासून १९८२ पर्यंत नोकरी केली ती विणकर सेवा केंद्रात. आधी बनारसला, मग मुंबईत. एकवीस वर्षं! मराठीत 'कोरा कॅनव्हास' सारखं पुस्तक लिहिणारा, आपल्या आधुनिक चित्रकलेतला एवढा विचार करणारा माणूस रोज सकाळी उठून विणकरांसाठी आरेखनं करायला जायचा. त्याच मुंबई केंद्रात त्यांच्या थोडं आधी के. जी. सुब्रमण्यन होते. अकोल्याचे अंबादास, ज्यांची चित्रं पाण्यावर रंग सांडल्यासारखी वाहतात, तेही विणकर सेवा केंद्रात काम केलेले. सरकारी खात्याने चित्रकारांना मागाशेजारी बसवलं होतं, आणि त्यातून मागाला काय मिळालं याची नोंद सरकारकडे असेल, पण चित्रकलेला काय मिळालं याची नोंद कुणी ठेवली?

२०१९ मध्ये बरव्यांचं मोठं प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलं. तेव्हा बातमी झाली ती उद्घाटनात अमोल पालेकरांचं भाषण मध्येच अडवल्याची. व्हायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्या गदारोळात भिंतीवर काय लावलंय ते किती जणांनी बघितलं कोण जाणे.

आणि मृणालिनी मुखर्जी. मुंबईत १९४९ मध्ये जन्मलेली, बडोद्याला सुब्रमण्यन यांची विद्यार्थिनी. तागासारख्या जाड दोरांना गाठी मारून माणसाहून उंच शिल्पं केली तिने. दोर! आमच्या नियमात ती कुठे बसली असती? टेबलावर मावली नसती म्हणून कदाचित पार्किंगमध्ये ठेवली असती.

आता समितीतल्या माझ्या एका मित्राचं म्हणणं. ते प्रामाणिक आहे, म्हणून सांगतो. तो म्हणतो, आज हे कापड आत घेतलं तर उद्या पैठणीवाला येईल, परवा चादरीच्या दुकानातला माणूस येईल. कुणाला नाही म्हणणार? मी म्हणतो, येऊ दे. बघू. चांगलं नसेल तर परत पाठवू. दर वर्षी दीडशे निसर्गचित्रं येतात, त्यातली सव्वाशे आपण परत पाठवतोच ना? तेव्हा कुणी म्हणत नाही की निसर्गचित्र हा प्रकारच बंद करा. निवड समिती बघायला असते. कशाचं केलंय यावरून ठरवायचं असेल तर समिती कशाला, दारावरचा शिपाई पुरेल.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तो म्हणतो, विणकामात बऱ्याचदा आरेखन एकाचं असतं आणि विणणारा दुसरा. मग नाव कुणाचं लावायचं? खरं आहे. आपल्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. नक्शा करणारा एक, विणणारा एक, विकणारा तिसरा, आणि नाव असतं चौथ्याचं, ब्रँडचं. मला वाटतं दोघांचं नाव लावावं. या मुलीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, नक्शाही तिचा, सूतही तिने भरलेलं, हातही तिचा. पण ती स्वतःच म्हणते की तातांचं नाव लावा, माग त्यांनी बांधून दिला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं, टेबलावर तर टेबलावर. तर जरा व्यवहाराचं सांगतो. चित्रकला विभागाचं पहिलं बक्षीस पंधरा हजार. हस्तकलेचं दीड हजार आणि एक ट्रॉफी. चित्रकला विभागातली निवडक कामं पुस्तिकेत रंगीत छापली जातात. हस्तकलेची फक्त नावांची यादी. ही मुलगी यंदा कला महाविद्यालयांच्या प्रवेशाची तयारी करतेय. छापील पुस्तिकेत तिन्ही एकत्र दिसली तर तिथे बसलेल्या माणसाला कळेल की हिने काय केलंय. नुसतं रंगचित्र दिसलं तर तो म्हणेल, आणखी एक चौकोनवाली. आणि तिने कापड सोडलं तर? सोडेलच. शहाणी आहे. कशाला मान आहे हे एकदा कळलं की माणूस तिकडेच जातो. मग आपणच उद्या भाषणात म्हणू, अरेरे, नवी पिढी मागावर बसत नाही.

अॅनी अल्बर्स नावाची जर्मन विणकर होती. बाऊहाऊसमध्ये १९२२ मध्ये चित्र शिकायला गेली होती, पण तिथेही बायकांना विणकामाकडेच वळवायचे. तिने त्याचंच सोनं केलं. न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात १९४९ मध्ये तिचं एकटीचं प्रदर्शन झालं. तरीही उतारवयात ती माग सोडून छापचित्रांकडे गेली, आणि तेव्हा तिने बोलून दाखवलं की तेच काम धाग्यात केलं तर लोक कारागिरी म्हणतात, कागदावर केलं तर कला. एवढी मोठी बाई, तिलाही ते जाणवत राहिलं. मग एकोणीस वर्षांच्या पोरीचं काय घेऊन बसलात.

माझीही एक जुनी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल. वीसेक वर्षांपूर्वी शाळेत एका मुलीने 'माझी आई' या विषयावर चित्राऐवजी आईच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून छोटी गोधडी आणली होती. चेहरा नाही, काही नाही. नुसते तुकडे, आणि मधोमध एक मोठा काळा तुकडा. मी तिला म्हणालो, "हे शिवणाच्या बाईंना दाखव." तिने दाखवलं की नाही मला माहीत नाही. आई तिची त्याच वर्षी गेली होती हे मला नंतर शिपायाकडून कळलं. ती मुलगी आता कुठे आहे हेही मला माहीत नाही. असेल कुठे तर, आणि ही पोस्ट तिच्यापर्यंत पोचली तर, बाई, माझं चुकलं.

आता मागणी. साधी आहे. एक, नियमावलीतून 'कापड, धागा, लोकर यांतील कामे हस्तकला विभागात' ही ओळ काढा. काम कशाचं आहे ते न बघता काय आहे ते बघून विभाग ठरवा. दोन, या प्रवेशिकेतली तिन्ही कामं उरलेल्या दिवसांत शेजारी लावा. भिंत रिकामी नाही असं मला सांगण्यात आलं. माझं स्वतःचं एक जलरंगातलं चित्र निमंत्रित विभागात लावलेलं आहे, सिद्धेश्वर तलावाचं, अगदी बरी जागा आहे, उजेडही चांगला येतो. ते काढा. मी पत्र दिलंय. आज चौथा दिवस, उत्तर आलेलं नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता संस्थेची बैठक आहे आणि ती सभासदांसाठी खुली आहे. तुमच्यापैकी निदान पंधरा-वीस जण सभासद आहेत हे मला माहीत आहे. या. माझ्या बाजूने बोला असं म्हणत नाही, विरोधात बोलायचं तर तेही येऊन बोला, पण आधी व्हरांड्यात जाऊन ते कापड उलगडून बघा. हात धुऊन. फिकट सूत आहे, डाग पडतो.

ज्यांना प्रदर्शनाला जायला जमत नाही त्यांच्यासाठी खाली तीन फोटो टाकलेत, मुलीच्या परवानगीने. तिने सांगितलेल्या क्रमाने लावलेत, आधी कापड, मग रेखाटन, मग रंगचित्र. मोबाईल आडवा धरून बघा. कापडाच्या फोटोत वरून तिसऱ्या ओळीत रेघ तुटते, तिथे थोडं झूम करा. सूत संपलेली जागा ती.